आनुवंशिक डिस्टोनिया : डोपामिनचं नेमकं काय बिघडतं?

मंडळी, सकाळी शाळेत नीट चालत गेलेली सहा-सात वर्षांची मुलगी संध्याकाळी पाऊल आत वळवून, टाच न टेकवता चालायला लागते. रात्रभर झोपली की सकाळी पुन्हा जवळजवळ बरी. घरचे म्हणतात, अभ्यास टाळायला नाटकं करते. डॉक्टरांकडे नेलं तर कधीकधी सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं नुसती फिजिओथेरपी चालते. हा डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू आपोआप आवळून अंग वेडंवाकडं वळवणाऱ्या आजाराचा, एक प्रकार. जपानचे डॉक्टर मासाया सेगावा यांनी १९७१ साली त्याचं वर्णन केलं, ते दिवसभरातल्या या चढउतारावर बोट ठेवूनच.

कारण सापडायला १९९४ उजाडलं. डोपामिन, म्हणजे मेंदूच्या पेशींमधला निरोप पोहोचवणारा रेणू, तयार करायला पेशीला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा मदतनीस रेणू लागतो. (नाव विसरलात तरी चालेल.) तो बनवणारं एन्झाइम जीसीएच-१ या जनुकातल्या दोषामुळे अपुरं पडतं. पार्किन्सनमध्ये डोपामिनच्या पेशीच मरतात. इथे त्या शाबूत असतात, फक्त माल कमी बनतो. म्हणून लेव्होडोपाची (शरीरात याचंच डोपामिन बनतं) अगदी छोटी मात्राही मुलाला चालतं करते, आणि तो गुण वर्षानुवर्षं टिकतो. लहानपणी सुरू झालेल्या, कारण न उलगडलेल्या डिस्टोनियात हे औषध एकदा देऊन बघतात, ते यासाठीच.

पण यावरून डिस्टोनिया म्हणजे डोपामिनची टंचाई, असं समजलात तर फसाल.

डीवायटी-१ हा प्रकार घ्या. त्याचं जनुक, टॉर-१-ए, १९९७ मध्ये हाती लागलं. डीएनएची जेमतेम तीन अक्षरं गळालेली असतात. अश्केनाझी ज्यूंमध्ये हा दोष जास्त, पण इतरांमध्येही आढळतो. इथे लेव्होडोपा बहुधा कामाला येत नाही. डोपामिन बनतं, घोळ होतो तो ते पोहोचल्यावर. पेट स्कॅनमध्ये मेंदूच्या स्ट्रायटम या भागातले डी-२ रिसेप्टर, म्हणजे डोपामिनचा निरोप झेलणारे रेणू, कमी भरतात.

उंदरांवरच्या प्रयोगांत तर आणखी विचित्र प्रकार दिसला. स्ट्रायटममध्ये ॲसिटिलकोलिन हा दुसरा निरोप्या रेणू सोडणाऱ्या मोजक्या, मोठ्या पेशी असतात. एरवी डी-२ रिसेप्टरवर डोपामिन बसलं की त्या शांत होतात. सदोष जनुकाच्या उंदरांमध्ये त्याच संकेतानं त्या जास्तच चेकाळल्या. ब्रेक दाबावा आणि गाडीनं वेग घ्यावा, तसं. ॲसिटिलकोलिनला अडवणारं ट्रायहेक्सिफेनिडिल हे जुनं औषध इथे का चालतं, त्याचा धागा मला तरी इथेच दिसतो. त्याची मात्रा मोठी लागते. मुलांना ती सोसते. मोठ्यांचं तोंड कोरडं पडतं, विसरायला होतं. तेवढ्यानं भागलं नाही तर मेंदूत ग्लोबस पॅलिडसमध्ये इलेक्ट्रोड बसवतात, त्याचा पूर्ण गुण यायला महिने लागू शकतात.

आता चक्रावून टाकणारी गोष्ट. डीवायटी-१चा दोष असलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांनाच आजार होतो. बाकीचे धडधाकट फिरतात, आणि त्यांचेही डी-२ रिसेप्टर कमीच असतात! म्हणजे डोपामिनचा बिघाड एकटा पुरत नाही. लहान मेंदूकडून थॅलमस या मेंदूतल्या संदेश-केंद्राकडे जाणाऱ्या तंतूंचाही यात हात आहे, असं स्कॅन सुचवतात. तिशीपर्यंत काही झालं नाही तर बहुधा पुढेही होत नाही. मात्र अशा धडधाकट माणसाच्या प्रत्येक मुलाला तो दोष मिळण्याची शक्यता ५० टक्केच राहते.