आधी कळू द्या, बिघडलंय काय

नमस्कार श्रोतेहो.

"ताई, सहा वर्षं झाली याला. आता यावर पैसे घालण्यात अर्थ आहे का?" लॅपटॉप दुरुस्तीच्या माझ्या दुकानात बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. लॅपटॉप अजून बॅगेतून बाहेरही आलेला नसतो. मला लगेच उत्तर देता येत नाही, कारण मला वय कळलेलं असतं, बिघाड कळलेला नसतो. माझं मत आधीच सांगते. दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, हे लॅपटॉपच्या वयावर ठरवू नका. नेमका कोणता भाग गेलाय, त्यावर ठरवा. तो भाग कळेपर्यंत नव्या लॅपटॉपचे हप्ते मोजू नका.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "स्लो झालाय, हँग होतो." सुरू करून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी स्क्रीनवर ते गोल फिरतंच आहे. अशा वेळी घरीच एक गोष्ट बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'डिस्क'च्या खाली बराच वेळ १०० टक्के दिसत असेल आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल, तर दोष बहुतेक वेळा तिचाच असतो. या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते, साधारण मिनिटाला ५,४०० फेरे. हवी ती माहिती शोधायला एक बारीक दांडी त्या तबकडीवर पुढेमागे सरकते. आजचं विंडोज पाठीमागे एकाच वेळी इतकी कामं करत असतं की त्या दांडीला उसंतच मिळत नाही. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली की फिरणारं काही उरत नाही. हार्ड डिस्क सेकंदाला शंभरएक एमबी वाचते, साटा जोडणीची साधी एसएसडी पाचशेच्या आसपास. बारीकसारीक फाइली शोधण्यात तर फरक याहून कितीतरी मोठा पडतो. मागचं झाकण काढायचं, जुनी काढून नवी बसवायची, जुना डेटा तिच्यावर घ्यायचा, एवढंच काम. पुष्कळ घरांत एवढ्यासाठी नवा लॅपटॉप घेतला जातो आणि जुना कपाटावर जातो. मला याचं फार वाईट वाटतं. त्या मशिनचा प्रोसेसर ठणठणीत असतो, त्याला माहिती वेळेवर मिळत नसते इतकंच.

रॅमचं, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीचं म्हणाल तर चार जीबीवर आज ब्राउझरचे चार टॅबही धड चालत नाहीत, आठ तरी हवी. पण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढलेत आणि पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डावरच, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरच, सोल्डर केलेली असते, वाढवताच येत नाही. म्हणून आधी एसएसडी बघा, रॅमचा विचार त्यानंतर.

दुसरी तक्रार म्हणजे लॅपटॉप तापतो, पंखा भणभणतो आणि मग अचानक बंद पडतो. लोक म्हणतात, बोर्ड गेला वाटतं. मी झाकण उघडते. पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेली बारीक जाळी यांच्यामध्ये धुळीचा आणि केसांचा थर बसलेला असतो, चिमटीत धरून अख्खा उचलता येईल असा. पंखा जीव तोडून फिरतो, पण वाऱ्याला बाहेर पडायला वाटच नसते. खाली प्रोसेसरवर लावलेली थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता वाहून नेणारा लेप, वाळून तिचे पापुद्रे निघालेले असतात. थर काढला, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, की तोच लॅपटॉप मुकाट्यानं चालू लागतो. गादीवर, उशीवर ठेवून वापरत असाल तर खालची जाळी झाकली जाते, तेवढं टाळा.

आता बॅटरी. तिची अवस्था तुम्ही स्वतः मोजू शकता. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत लिहा: पॉवरसीएफजी, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट. एक फाइल तयार होईल, ती कुठे ठेवली तेही स्क्रीनवर दिसेल. त्यात दोन आकडे शोधा, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला ४१ हजार असेल आणि दुसरा १८ हजारांवर आला असेल, तर बॅटरी थकली. ती बदलायची, लॅपटॉप नाही.

पण बॅटरी फुगली असेल तर गोष्ट वेगळी. टचपॅड वर आल्यासारखा वाटतो, दाबला जात नाही. लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो. झाकण पूर्ण मिटत नाही. यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुकानात न्या. फुगलेली बॅटरी दाबू नका, तिला टोचू नका, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका. लिथियमच्या बॅटरीची आग झपाट्यानं पसरते. बहुतेक लॅपटॉप बॅटरी काढल्यावर नुसत्या चार्जरवर चालतात, त्यामुळे नवी बॅटरी मिळेपर्यंत काम अडत नाही. बॅटरी घेताना बिलावर वॉरंटीचे महिने लिहून घ्या. तोंडी वॉरंटी धरू नका.

एक छोटी गोष्ट जाता जाता. लॅपटॉप उघडला की तारीख भलत्याच वर्षाची दिसते, बँकेची साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं सांगते. लोकांना वाटतं व्हायरस शिरला. पुष्कळदा आतली सीएमओएसची बटण बॅटरी, म्हणजे लॅपटॉप बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारी, संपलेली असते. अगदी किरकोळ पैशांचं काम आहे.

डिस्प्ले येत नसेल तर घाबरण्याआधी लॅपटॉप एचडीएमआय केबलनं घरच्या टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड बहुतेक शाबूत आहे. स्क्रीनचं पॅनल गेलंय किंवा बिजागरीतून जाणारी केबल तुटलीय. केबल असेल तर थोडक्यात भागतं. पॅनलला जास्त पैसे पडतात, पण तोही बदलता येतो. बिजागरीचं तर मी कळकळीनं सांगते. झाकण उघडताना कट्ट असा आवाज आला की लगेच दाखवा. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकात बसवलेल्या पितळी नटांमध्ये असतात. ते नट प्लास्टिक फोडून बाहेर आले की दर उघडझापीला कोपरा फाटत जातो आणि शेवटी डिस्प्लेची केबलही तोडतो. काही जण घरीच एम-सील भरून आणतात. ते आतल्या केबलपर्यंत गेलेलं असतं, मग सुरुवातीला सोपी असलेली दुरुस्ती अवघड होऊन बसते.

इथपर्यंत सांगितलेलं सगळं दुरुस्त करण्याजोगं. खरा प्रश्न मदरबोर्डाशी येतो, आणि तिथंही दोन तऱ्हा आहेत. एखादा कपॅसिटर, म्हणजे विजेचा बारीकसा भाग, शॉर्ट झाला, चार्जिंगची आयसी म्हणजे चिप गेली, तर चिप लेव्हलचं काम करणारा कारागीर तेवढाच भाग बदलतो आणि मशीन वर्षानुवर्षं चालतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास हे हुनर असलेली माणसं आहेत, तुमच्याही गावात कुणी ना कुणी असेल. पण प्रोसेसर किंवा ग्राफिक्सची चिप बोर्डावरून सुटत असेल आणि दुकानदार म्हणाला, "गरम करून देतो, चालेल," तर सावध व्हा. याला रिफ्लो म्हणतात. असं मशीन सहसा काही आठवडे किंवा महिने चालतं आणि पुन्हा बंद पडतं. गॅरंटी किती ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे घालू नका.

लॅपटॉपवर चहा सांडला असेल तर 'चालतोय का' हे बघायला तो सुरू करू नका. चार्जर काढा, बंद करा, तांदळात पुरून ठेवू नका, तडक उघडून साफ करून घ्या. नुसत्या पाण्यापेक्षा साखर-दूध जास्त वाईट, कारण ते चिपांच्या खाली चिकटून राहतं आणि हळूहळू बोर्ड खात जातं.

बोर्डाचा खर्च कळला की तो नव्या लॅपटॉपच्या किमतीशी ताडू नका. तुमचंच मॉडेल, चालू स्थितीत, सेकंडहँड बाजारात कितीला मिळतं ते विचारा. दुरुस्तीचा खर्च त्याच्या निम्म्यापुढे गेला तर मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगते, आता नको.

मशीन धडधाकट, पण विंडोजच जुनं, अशीही अडचण हल्ली येते. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवले. घरगुती वापरासाठी नोंदणी करून सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतात. विंडोज ११ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. पिढी कशी ओळखायची? आय-फाइव्हच्या पुढच्या आकड्यांतला पहिला बघा, तो १ असेल तर पहिले दोन बघा. ८२५० म्हणजे आठवी, ७२०० म्हणजे सातवी. सातवी किंवा त्याआधीची निघाली तरी मशीन टाकाऊ होत नाही. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट फुकट मिळतं, जुन्या मशिनवर हलकं चालतं, मराठी टायपिंग त्यात आहे, ब्राउझर आहे, मुलांचा ऑनलाइन अभ्यास आरामात होतो. मात्र टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांना ते उपयोगाचं नाही. आणि छपाईची मांडणी करणाऱ्या ज्या डीटीपीवाल्यांचं श्रीलिपी, पेजमेकर हे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर बसलेलं आहे, त्यांनी ते मशीन तसंच ठेवावं, फक्त इंटरनेटपासून तोडावं.

नवा घ्याच, असं मी कधी म्हणते? मुलगी इंजिनिअरिंगला गेली, तिला कॅड, म्हणजे आराखडे काढायचं जड सॉफ्टवेअर, लागतं आणि घरचं मशीन चार जीबीच्या सोल्डर केलेल्या रॅमचं आहे. किंवा बॅटरी, पॅनल आणि बोर्ड, तिन्ही एकदम गेलंय. अशा वेळी ओढाताण करू नये. पण तिथंही शोरूमच्या सगळ्यात स्वस्त नव्या मशिनपेक्षा, चांगल्या दुकानातून वॉरंटीसह घेतलेलं वापरलेलं थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक, म्हणजे ऑफिसांसाठी बनवलेला लॅपटॉप, मला जास्त भरवशाचं वाटतं. कंपन्या दर काही वर्षांनी अशी मशिनं बदलतात, ती बाजारात येतात. यांची बांधणी दणकट असते आणि सुटे भाग मिळतात.

दुरुस्तीला देण्यापूर्वी डेटाची कॉपी घ्या. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू करू नका. बिटलॉकर, म्हणजे डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय, सुरू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर बोर्ड बदलल्यावर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येणार नाही. खर्चाचा अंदाज आधी मागा, काढलेला जुना भाग परत मागा. दुकानदाराला राग येईल असं त्यात काही नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलंय. वस्तू दुरुस्त करून वापरणं हा ग्राहकाचा हक्क आहे, ही भूमिका त्यामागे आहे. सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि मशीन खरंच संपलं, तरी त्याची एसएसडी किंवा हार्ड डिस्क काढून घ्या. यूएसबीच्या छोट्या केसिंगमध्ये घातली की ती बाहेरून लावायची डिस्क होते, आणि तुमचे फोटो, पॅन-आधारच्या प्रती परक्या हातात जात नाहीत. उरलेला सांगाडा भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. बॅटरी मात्र वेगळी काढून द्या, आणि फुगलेली असेल तर देताना तसं स्पष्ट सांगा.

नमस्कार.