बीप वाजला म्हणून काय झालं!

या, पुढे सरका. मागे उभं राहून काही दिसणार नाही. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘विंचचा गिअरबॉक्स आणि ब्रेक : उघडणे आणि जोडणे’ असं छापलंय. विंच म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं, गाडीच्याच बॅटरीवर चालणारं बंपरवरचं यंत्र. तिकडे येतोच, पण आधी थोडा वेळ मल्टिमीटरच्या बीपवर बोलू द्या. न बोलता राहवत नाही.

‘विंच ओढत नाही’ म्हणून थार किंवा जिप्सी गॅरेजात आली, की संवाद ठरलेला असतो. मीटर बीपवर लावायचा, म्हणजे वाट सलग असली की वाजतो त्या खुणेवर, लाल टोक इकडे, काळं तिकडे. पीं! ‘वायरिंग ओके, साहेब. मोटर गेली.’ मोटर उतरते, रिवाइंडिंगला जाते, चांगल्या आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) तारा ओरबाडून निघतात. नवी गुंडाळून परत येते आणि पहिल्याच चिखलात तशीच कुंथते.

आता हिशेब करू. बहुतेक मीटर 30 ते 50 ओहमच्या खाली काहीही सापडलं की बीप देतात. समजा, जोडणीत 30 ओहम आहेत. 12 व्होल्टवर तिच्यातून जास्तीत जास्त 0.4 अँपिअर जाईल. आणि 9500 पौंडी विंच, म्हणजे साधारण 4300 किलोची, पूर्ण ताणावर 400 अँपिअरच्या आसपास घेते. हजारपट फरक! त्या बीपवर विश्वास ठेवून मोटरला फाशी द्यायची? ‘मी ओहमवर मोजतो’ असं कुणी म्हणेल. मोजा. लीडच्याच तारांचे 0.2-0.3 ओहम दिसतील. आपल्याला शोधायचे आहेत 5 मिलिओहम, म्हणजे त्याच्या चाळीस-साठपट लहान. रस्त्याकडेच्या वजनकाट्यावर तुळशीचं पान तोलायला निघाल्यासारखं आहे हे.

म्हणून ताणाखाली व्होल्टेज मोजायचं. दुसरा उपाय नाही. चढावर गाडी न्यूट्रलला ठेवा, झाडाला रुंद पट्टा बांधा, दोरावर जाड गोणपाट टाका, दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नका, आणि ब्रेक हलका दाबून विंचला गाडी ओढू द्या. इंजिन चालू हवं. आता वाचा. बॅटरीच्या दोन खांबांवर, म्हणजे टर्मिनलांवर, समजा, 11.2 व्होल्ट. काँटॅक्टरच्या, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या, बॅटरीकडच्या बोल्टपासून मोटरच्या बॉडीपर्यंत 9.1. वाटेत 2.1 कुठे गेले? एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं काँटॅक्टरच्या त्याच बोल्टवर : 0.5. ठीक. एक टोक मोटरच्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या मायनस खांबावर : 1.6. सापडला चोर, अर्थिंग!

टोक खांबाच्या शिशावर टेकवा, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लँपवर नाही. क्लँप आणि खांब यांच्या मधेच चोर असला, तर क्लँपवर मोजून तो दिसायचाच नाही.

त्या 1.6 ला 300 अँपिअरनी गुणा. 480 वॅट. 25 वॅटची एकोणीस सोल्डरिंग आयर्न एकाच नटाखाली! ताण सोडल्यावर बोट लावून बघा, म्हणजे जपून लावा. कारण बहुधा साधंच असतं. बंपर बसवणाऱ्याने अर्थची वायर चासीला बोल्ट केलेली असते आणि खाली रंग तसाच असतो. रंग खरवडून बोल्ट घट्ट करून भागत नाही. मोटरच्या बॉडीपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी केबल टाका, प्लसच्याच जाडीची. 35 चौरस मिलिमीटर तांबं मीटरला अर्धा मिलिओहम खातं. जाऊन-येऊन चार मीटर धरले तर 300 अँपिअरला 0.6 व्होल्ट. 16 चौरसच्या केबलवर हेच 1.3 होतं. बाजारात ‘जाड’ दिसणाऱ्या काही केबलींत जाडी रबराची असते, तांब्याची नाही (हशा). हसू नका, कापून बघा. आणि लग, म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टची कडी, हातोड्याने ठोकू नका, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या.

काँटॅक्टरचं लवकर सांगतो. टक आवाज येतो पण मोटर गप्प : बंद झालेल्या काँटॅक्टच्या दोन बोल्टांमध्ये ताणाखाली 0.2 पेक्षा जास्त आले तर आतले पॉइंट जळलेत. सीरिज मोटरमध्ये करंट फील्डमध्ये, म्हणजे मोटरच्या स्थिर गुंडाळ्यांमध्ये, जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोन काँटॅक्टमधून जातो, तेव्हा दोन्ही मोजा. टकच नाही : आधी रिमोटचा प्लग, मग त्याची बारीक अर्थ वायर. बटण सोडूनही मोटर फिरत राहिली, तर पॉइंट चिकटलेत. अशा वेळी हाताला लागेल असा बॅटरी कट-ऑफ नसेल, तर बॉनेट उघडेपर्यंत हुक फेअरलीडमध्ये, म्हणजे दोर बाहेर येतो त्या चौकटीत, घुसलेला असतो. चार सोलेनॉइडच्या जुन्या पेटीत तर हे जास्तच.

हे सगळं ठीक निघालं, तरच मोटर. हलका टोला मारल्यावर फिरली तर कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश, खाचेत अडकलेत. 2014 साली गोव्यात भारतातली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा सुरू झाली. तिथल्यासारख्या पावसात आणि पाण्यात विंच बुडवणाऱ्यांनी मोटर वर्षातून एकदा उघडून बघावी. कम्युटेटर, म्हणजे कार्बन घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, बारीक पॉलिश पेपरने पुसा. एमरी नको, तिची पूड वीज वाहते. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर खरवडून खाली घ्या.

संयोजकांनी चिठ्ठी दिली आहे, ‘पाच मिनिटं’. बरं, गिअरबॉक्स.

तीन टप्पे प्लॅनेटरी, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं. चकत्या उतरतील त्या क्रमाने फडक्यावर मांडा, फोटो काढा. लिथियम ग्रीस दातांवर, थापून नाही. जास्त झालं की ब्रेकपर्यंत पोहोचतं आणि ब्रेक घसरतो. कमी उंचीच्या बहुतेक विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. उतारावर ताणाखाली दोर सोडत राहिलात की तो ब्रेक तापतो आणि उष्णता ड्रमला जाते. सिंथेटिक दोर 150 अंशांच्या आसपास वितळतो, त्याची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. वॉर्न कंपनीच्या 8274 सारख्या उभ्या विंचमध्ये ब्रेक गिअरकेसमध्ये, म्हणून तिथे हा त्रास कमी. ब्रेक धरत नाही म्हणून लगेच उघडू नका, आधी दोर कुठल्या बाजूने गुंडाळलाय ते बघा. ब्रेक एकाच दिशेला धरतो. दोर उलटा भरला, तर चांगलाही ब्रेक घसरेल.

आणखी एक. 9500 पौंड हा आकडा ड्रमच्या पहिल्या थराचा. वरच्या थरावर त्यातले तीस-चाळीस टक्के कमी धरा. ओढ कमी पडली म्हणजे विंच बिघडली असं नाही. दोर बाहेर काढा किंवा स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर दुहेरी करणारी कप्पी, लावा. कप्पीने करंट जवळपास निम्मा होईल. ड्रमवर शेवटचे वेढे मात्र ठेवा, वायर रोप असेल तर पाच, सिंथेटिक असेल तर आठ-दहा.

प्रश्न असतील तर बाहेर गाडीजवळ या. आणि मघाशी मीटर फिरवायला दिला होता, तो परत आला का?