पंचेचाळीस हजारांचा लांडगा

श्रोतेहो, नमस्कार.

महूच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलो आणि नंतर अडतीस वर्षं थर्मामीटर घेऊन जनावरांच्या मागच्या बाजूला उभा राहिलो. आता रिटायर झालोय, पण लोक सोडत नाहीत. परवा सकाळी इथे इंदूरच्या नेहरू पार्कात एका तरुणाने अडवलं. हातात साखळी, साखळीला करड्या रंगाचं झुबकेदार कुत्रं. म्हणाला, "डॉक्टरसाब, सच बताना, वुल्फ है ना?" मी शेपटी पाहिली. जिलबीसारखी पाठीवर वळलेली. म्हटलं, भिया, लांडग्याची शेपटी अशी वळत नाही, ती सरळ खाली लोंबते. त्याचा चेहरा असा उतरला, जणू मी त्याच्या घराण्याबद्दल काही बोललो.

तर पहिली गोष्ट, पुन्हा सांगतो: शेपटी बघा. वळलेली असली तर कुत्रा. सरळ असली तर लांडगा, असं मात्र नाही हं. अल्सेशियनचीही सरळच असते.

लांडग्याच्या रक्ताची कुत्री जगात आहेत, नाही असं नाही. हॉलंडमध्ये सार्लूस नावाच्या गृहस्थाने १९३० च्या दशकात अल्सेशियन आणि लांडग्याचा संकर सुरू केला. त्याला हवा होता तगडा कामाचा कुत्रा. निघाला काय? लाजाळू, अनोळखी माणूस दिसला की मागे सरणारा. चेकोस्लोव्हाकियात १९५५ साली लष्करी कामासाठी असाच प्रयोग झाला, त्यातून एक जात तयार झाली. आपल्या मनातला लांडगा भुंकतो, अंगावर धावतो, चोर पकडतो. खरा लांडगा माणूस दिसला की आधी पळतो. राखणीला लांडगा ठेवणं म्हणजे कुलपाऐवजी दाराला ससा बांधण्यासारखं आहे.

आणि आपला भारतीय लांडगा तर तुम्ही पाहिलात तर ओळखणारही नाही. वीस-बावीस किलोचा, सडपातळ, आखूड केसांचा, माळरानाच्या मातीच्या रंगाचा. २०२२ च्या अंदाजानुसार देशभरात साधारण ३,१०० आहेत आणि सर्वांत जास्त आपल्या मध्य प्रदेशात. वाघासाठी आपण पोस्टर लावतो, लांडग्यासाठी कोणी स्टिकरसुद्धा लावत नाही. असो. लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. घरात ठेवणं गुन्हा आहे. हेही पुन्हा सांगेन.

आता आमच्या ताईकडची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे बोलताच येणार नाही.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. रामबागेत जुनं घर, पुढे अंगण, अंगणात तुळस, स्कूटर आणि कधीच न वापरलेला ट्रेडमिल. तिचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. २०२४ च्या दिवाळीत त्याने एक पिल्लू आणलं. "मामा, साठ टक्के लांडगा आहे." किंमत पंचेचाळीस हजार. सोबत एक कागद, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यावर साठ टक्के असं हाताने लिहिलेलं. मी म्हटलं, उरलेले चाळीस टक्के काय आहे ते विचारलंस का? तो रागावला. पिल्लाचे डोळे निळे होते. मी म्हटलं, पिल्लाचे डोळे निळेच असतात, लांडग्याचेही. चार महिन्यांचा होऊ दे. मोठ्या लांडग्याचे डोळे पिवळे, मधाच्या रंगाचे होतात. निळा राहिला तर समज, कुठेतरी हस्की, म्हणजे ते बर्फातलं झुबकेदार कुत्रं, आहे.

भाच्याने नाव ठेवलं अल्फा, म्हणजे कळपाचा पुढारी. अमेरिकेतले व्हिडिओ बघून शिकवणी सुरू झाली. कळपाचा पुढारी आपण आहोत हे कुत्र्याला कळलं पाहिजे म्हणे. म्हणून दारातून आधी आपण जायचं आणि जेवायचंही आधी आपण. हा मुलगा रोज संध्याकाळी कुत्र्याच्या वाडग्यासमोर उभा राहून त्याला दाखवत दाखवत बिस्किट खायचा, मग त्याला जेवण. ताई एकदा म्हणाली, "अरे, कुत्र्याच्या आधी जेवतोस, देवाचा नैवेद्य तरी आधी होऊ दे!"

जाता जाता सांगतो, ज्या डेव्हिड मीच नावाच्या अमेरिकन संशोधकामुळे हा अल्फा शब्द पसरला, त्यांनीच पुढे जंगलातले लांडगे बघून तो परत घेतला. लांडग्यांचा कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. बस. पण चूक परत घेतली की ती कोणी ऐकत नाही, व्हॉट्सॲपसारखंच.

ताईच्या तोंडी अल्फा काही बसेना. ती म्हणायची आप्पा. आणि शेजारी राहतात खरे आप्पा, ऐंशीच्या घरातले, एके काळी कापड मिलमध्ये होते. ताई पहाटे अंगणात येऊन ओरडायची, "आप्पा, शू करून घे, चल!" आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "झाली हो."

पाच महिन्यांचा झाल्यावर कुत्रं पहाटे ओरडायला लागलं. भुंकणं नव्हे, मान वर करून लांबलचक ऊऽऽ. भाचा खूश, म्हणे लांडग्याचं रक्त! मला वाटलं, आता शेजारी तक्रार करणार. पण आप्पा म्हणाले, "राहू द्या. मिल बंद पडल्यापासून पहाटेचा भोंगा ऐकला नव्हता."

आणि मग आली रंगपंचमी. इंदूरच्या श्रोत्यांना गेर काय असते ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एकच सांगतो, गेर म्हणजे रंग खेळत निघणारी मिरवणूक, आणि राजवाड्याकडे त्या दिवशी रंग उडवणाऱ्या तोफांनाच मिसाइल म्हणतात. (उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड आणि तिथे टँकरच्या टँकर. जाऊ दे, सणाचा दिवस.) ढोल, डीजे, त्यात कोणीतरी फाटक उघडं ठेवलं. कुत्रं घाबरून पळालं.

भाच्याने काय करावं? मोहल्ल्याच्या ग्रुपवर फोटो टाकला, वर लिहिलं: वुल्फ ब्रीड, मिसिंग. त्याच्या आदल्या वर्षीच उत्तर प्रदेशातल्या बहराईचमध्ये लांडग्यांनी मुलं नेल्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. अर्ध्या तासात मेसेज झाला, "रामबाग में भेड़िया घुस आया." आणखी पाऊण तासात दहा-बारा पोरं लाठ्या घेऊन रस्त्यावर, तोंडं गुलाबी, हिरवी, कोण कोणाचा ते ओळखू येईना. लहानपणीची लांडगा आला रे आला ही गोष्ट आठवते ना? इथे ओरडणारा गुराखी आमच्याच घरातला.

ताईने मला फोन केला. मी पोचलो तर ती गल्लीत फिरतेय, "आप्पाऽ, आप्पाऽ!" आणि तिच्या मागे शेजारचे आप्पा काठी टेकत, "अहो, मी इथेच आहे." पोरांना मी सांगत होतो, भिया, लांडगा नाही, कुत्रा आहे. ती मला कागदाचा फोटो दाखवतात. त्यावर लिहिलंय साठ टक्के! त्या कागदावर पहिल्यांदाच कोणी विश्वास ठेवला होता, आणि तोही लाठी घेऊन.

दोन तास झाले. आप्पा दमले, घरी जाऊन पलंगावर बसले, आणि पलंगाखालून आवाज आला, बारीक, रडवा. वाकून पाहिलं तर आमचा लांडगा. कानापासून शेपटीपर्यंत गुलाबी. एक डोळा पिवळसर आणि एक निळाशार. मी पलंगाखाली निम्मा शिरून तो डोळा भाच्याला दाखवला. भाचा काही बोलला नाही. कुत्र्याला मिठी मारून तोही गुलाबी झाला. लाठीवाल्यांना ताईने श्रीखंड दिलं, ते मला अजून पटलेलं नाही.

आप्पा म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझ्या पलंगाखाली पहिल्यांदा कोणी आलं, तेही लांडगा म्हणून." आता ताई हाक मारते तेव्हा भिंतीच्या अलीकडून आणि पलीकडून, दोन्हीकडून उत्तर येतं.

निवेदक काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो. दुकानदार टक्केवारी सांगेल, ऐकू नका. ती डोळ्यांनी कळत नाही, आणि झेरॉक्सवर तर नाहीच. खरंच संकर असेल तर मोठी अडचण रेबीजच्या लशीची. कुत्र्याची लस लांडग्याच्या संकरासाठी अमेरिकेतसुद्धा मंजूर नाही, कारण त्यांच्यावर ती नीट तपासलेलीच नाही. म्हणून खोटा लांडगा म्हणून मिरवू नका, उद्या तो कोणाला चावला तर तुमचाच कागद तुमच्या गळ्यात येईल. चावलं, मग कुठल्याही जनावराचं असो: साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि लगेच दवाखाना. साबण, पाणी, पंधरा मिनिटं. हळद, मिरची, चुना काही लावू नका.

कायद्याचं: लांडगा घरात, गुन्हा. संकराचं म्हणाल तर केंद्राने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींवर बंदी सुचवणारं पत्र काढलं होतं, त्यात वुल्फ डॉग होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते नंतर रद्द केलं. म्हणजे प्रश्न सुटला नाही, एवढंच.

आणि ज्यांच्याकडे हस्की आहेत त्यांनी ऐका, एप्रिल लागलाय. गार वाटावं म्हणून त्याचे केस भादरू नका, त्या दुहेरी झुलीमुळेच उन्हाचाही बचाव होतो. फिरायला पहाटे न्या किंवा रात्री नऊनंतर. आधी स्वतः अनवाणी रस्त्यावर पाय ठेवून पाहा. पाच सेकंद ठेवता आला नाही तर घरी चला.

नमस्कार.