बटणांच्या डब्याची किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की माळ्यावरून आणि पलंगाखालच्या ट्रंकांमधून एक विशिष्ट प्रकारचे सामान बाहेर येते. लोकरीचे अर्धे गुंडे, भरतकामाच्या दोऱ्यांच्या लडी, गोल फ्रेमा, टिकल्यांच्या पुड्या, मॅटीचे कापड, क्रोशाच्या सुया, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवलेली बटणे. हे सामान टाकवत नाही आणि आता आपल्या हातून वापरलेही जात नाही. काही सोसायट्यांमध्ये रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टेबले मांडून घरातल्या जुन्या वस्तू विकल्या जातात. तिथे हे सामान मांडायचे ठरवले, तर त्यावर किती रुपयांची चिठ्ठी लावावी, याविषयी मी आज बोलणार आहे.

पातेल्याची किंवा पुस्तकाची किंमत ठरवणे त्या मानाने सोपे असते, कारण ती वस्तू अखंड असते. हस्तकलेचे सामान मात्र अर्धवट असते. म्हणून या सामानाची किंमत, त्यातून पुढच्या माणसाच्या हातून काय होऊ शकेल, यावर ठरवावी. हे वाक्य मी पुढे पुन्हा सांगणार आहे.

सुरुवात कुठून करावी? टेबल मांडण्याच्या आधीच्या आठवड्यात रविवार पेठेत आणि तुळशीबागेत एक फेरी मारावी आणि आपल्याकडे असलेल्या वस्तू आज नव्या केवढ्याला मिळतात, ते वहीत लिहून आणावे. पाकिटावर छापलेली जुनी कमाल किंमत या कामी उपयोगाची नाही, कारण ती त्या वर्षाची आहे. न उघडलेल्या पाकिटाला आजच्या दुकानातल्या भावाच्या निम्मी किंमत लावावी आणि उघडलेल्याला चौथा हिस्सा. निम्मीच का, असे पुष्कळ जण विचारतात. दुकानदार रंग पटला नाही तर बदलून देतो, आणि त्याच रंगाचा आणखी एक गुंडा लागला तर तोही त्याच्याकडे मिळू शकतो. आपण यातले काहीही देऊ शकत नाही. जी सोय आपण देत नाही, तिचे पैसे घेऊ नयेत.

हे सारे मला एका रविवारी समजले. ती हकिगत सविस्तर सांगते, कारण जे समजले ते तिच्यातूनच समजले.

माझी आत्या नारायण पेठेत राहत असताना घरीच विणकामाचे आणि भरतकामाचे वर्ग घेत असे. वय झाल्यावर ती लेकीकडे नाशिकला राहायला गेली आणि जाताना आपले सारे सामान माझ्याकडे देऊन म्हणाली, "ज्याला उपयोग आहे, त्याला दे. पण फुकट देऊ नकोस, फुकटची वस्तू पुन्हा माळ्यावरच जाते." सामानाबरोबर तिने एक वही दिली होती. कोणती वस्तू कोणत्या वर्षी केवढ्याला घेतली, हे तिने त्या वहीत नीट लिहून ठेवले होते. मी त्या वहीवर पूर्ण विश्वास ठेवला. तिने दिलेल्या पैशांत मधल्या वर्षांची महागाई अंदाजाने मिळवली आणि आमच्या कर्वेनगरच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावून टेबल मांडले. लोकरीच्या प्रत्येक गुंड्याला 60 रुपये लावले होते. बटणांचा डबा तेवढा वहीत नव्हता, म्हणून त्या भरलेल्या डब्यावर मी 50 रुपयांची चिठ्ठी चिकटवली.

नऊपासून अकरापर्यंत लोक येत होते, गुंडा हातात घेत होते, चिठ्ठी वाचत होते आणि गुंडा अलगद खाली ठेवत होते. कोणी घासाघीससुद्धा केली नाही. किंमत थोडी जास्त असली तर माणूस घासाघीस करतो. ती पटतच नसेल, तर तो न बोलता पुढे जातो, हे मला त्या दिवशी दिसले.

अकराच्या सुमाराला शेजारच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी डबा उघडला, आत हात घातला, एक बटण काढले आणि गालाला लावले. मग दुसरे लावले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, हा डबा असा विकू नका. यातली काही बटणं शिंपल्याची आहेत. गालाला लावून बघा, गार लागतात. प्लॅस्टिकचं बटण असं लागत नाही." मी लावून पाहिले. खरोखरच गार लागत होते.

त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्र अंथरले, डबा त्यावर ओतला आणि उभ्याउभ्याच बटणे निवडायला सुरुवात केली. त्यांचे हात चालू होते आणि त्या बोलत होत्या. "सुटं बटण कुणी घेत नाही. शर्टाच्या पुढच्या पट्टीला सात लागतात. सात एकसारखी मिळाली तर गिऱ्हाईक येतं, सहा असली तर ती सुटीच म्हणायची." मग त्यांनी सुईत दोरा ओवून शिंपल्याची सात सात बटणे गुंफली. असे तीन संच निघाले. लाकडी मोठी बटणे निघाली, ती स्वेटरसाठी चार चार करून बांधली. त्यांचेही चार संच झाले. उरलेली रंगीबेरंगी, एकमेकांशी न जुळणारी बटणे त्यांनी पुन्हा डब्यात भरली आणि म्हणाल्या, "ही ओंजळीनं विका. पोरांना शाळेत चिकटवायला लागतात." (शाळांमध्ये कार्यानुभवाच्या तासाला आता पुष्कळदा तयार साहित्याचे पाकीट आणायला सांगतात. ते थांबवावे आणि घरातली अशी उरलेली बटणे व चिंध्या आणायला सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांना बटण लावायला शिकवणारा तास कोणत्याही शाळेने गमावू नये.)

शिंपल्याच्या संचाला 70 रुपये, लाकडी संचाला 40 आणि ओंजळीला 10, असे भाव मावशींनीच ठरवले. मग त्यांनी शिंपल्याचे दोन संच उचलले आणि 140 रुपये माझ्या हातात ठेवले. श्रोतेहो, अर्ध्या तासापूर्वी तो सगळा डबा त्यांना 50 रुपयांना मिळत होता. मी पैसे घ्यायला नको म्हणाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाव मी लावलाय, मग मीच कमी कसा देऊ?" दुपारपर्यंत तिसरा संच, लाकडाचे चारही संच आणि सहा ओंजळी गेल्या. त्या डब्याचे एकूण 430 रुपये झाले.

जाण्यापूर्वी त्यांनी लोकरीकडेही पाहिले. "हे गुंडे का जात नाहीत, ठाऊक आहे का? प्रत्येक रंगाचे दोन-तीनच आहेत. मोठ्या माणसाच्या स्वेटराला ही लोकर पुरणार नाही, आणि हाच रंग आता परत मिळणार नाही. पण एका गुंड्यात बाळाची टोपी आणि मोजे होतात की! तसं लिहा ना चिठ्ठीवर." मी साऱ्या चिठ्ठ्या काढल्या आणि नव्या लिहिल्या. "50 ग्रॅम, तान्ह्या बाळाची टोपी आणि मोज्यांची जोडी होते, 40 रुपये." एक वाजेपर्यंत 22 पैकी 17 गुंडे गेले. भाव 20 रुपयांनी उतरला होता, हे खरे आहे. परंतु मला वाटते, लोकर विकली गेली ती चिठ्ठीवरच्या त्या ओळीमुळे. नातवंडाची वाट पाहणाऱ्या एका आजींनी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि पिवळे दोन्ही गुंडे पिशवीत घातले.

म्हणून पुन्हा सांगते, वापरलेल्या सामानाची किंमत, त्यातून पुढच्या माणसाच्या हातून काय होऊ शकेल, यावर ठरवावी, आणि ते काय होऊ शकेल, हे चिठ्ठीवर लिहावे.

आता थोडे तपासणीविषयी, कारण किंमत लावण्यापूर्वी वस्तू धड आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे. लोकर खरी आहे की ॲक्रिलिक, हे ओळखायचे असेल, तर धाग्याचा वीतभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. खऱ्या लोकरीला जास्त भाव लावायला हरकत नाही, मात्र ती कसर लागलेली नाही, हे प्रत्येक गुंडा उलगडून पाहावे. ॲक्रिलिकला कसर लागत नाही. गुंड्यावरची कागदी पट्टी असेल तर ती फेकू नये, कारण तिच्यावर रंगाचा आणि रंगाईच्या घाण्याचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीच्या खेपेचा, क्रमांक असतो, आणि एकाच घाण्यातले गुंडे एकत्र बांधले तर त्यांना चांगला भाव येतो. वेगवेगळ्या घाण्यांतल्या एकाच रंगाच्या लोकरीत विणल्यावर फरक दिसतो.

शिवणाच्या सुती दोऱ्याचे जुने रीळ दोन्ही हातांनी ओढून पाहावे. दोरा सहज तुटला, तर तो विकू नये, कारण अशा दोऱ्याची शिवण पहिल्याच धुण्यात उसवते. इलॅस्टिक ताणून सोडावे. ते मागे आले नाही, तर कचऱ्यात टाकावे. घट्ट झालेला गोंद आणि वाळलेले रंग यांना किंमतच नसते, ते टेबलावर मांडूसुद्धा नयेत, कारण एक वाळलेली बाटली दिसली की गिऱ्हाईक बाकीच्या सामानाकडेही संशयाने पाहते.

विणकामाच्या सुया जोडीनेच विकाव्यात आणि नंबर चिठ्ठीवर लिहावा. आपल्याकडच्या जुन्या सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक असते. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाडीची असते आणि 10 नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. नव्याने शिकणाऱ्याला हे ठाऊक नसते, म्हणून दोन्ही आकडे लिहावेत. सुया, कात्र्या, फ्रेमा ही हत्यारे लवकर झिजत नाहीत, गंजलेली नसतील तर त्यांना निम्म्या भावापेक्षा कमी लावू नये. भरतकामाच्या दोऱ्याची लड 8 मीटरची आणि सहा पदरांची असते. पूर्ण लडी सुट्या विकाव्यात, आणि अर्ध्या लडी एकाच रंगाच्या छटांप्रमाणे दहा दहाच्या जुड्या करून द्याव्यात. टिकल्या आणि मणी चमच्याने मोजून छोट्या पुड्या कराव्यात.

किमती 10, 20, 50 अशा ठेवाव्यात, म्हणजे सुट्या पैशांची अडचण होत नाही. घासाघीस होणार, हे धरून चालावे, पण त्यासाठी आधीच भाव फुगवून ठेवू नये. खरा भाव लावावा आणि तो का लावला, हे सांगता यावे. शेवटच्या तासात उरलेले सामान पिशवीच्या भावाने द्यावे. एका वस्तूवर दुसरी फुकट देण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण त्यात गिऱ्हाईक नको असलेली वस्तू घरी नेते आणि आत्या म्हणाली तसे ती माळ्यावर जाते.

आत्याचा निरोप सांगायचा राहिला. त्या रविवारी रात्री मी तिला फोन करून हिशेब वाचून दाखवला. रकमेविषयी ती काही बोलली नाही. शिंपल्याची बटणे कोणी नेली, हे मात्र तिने दोनदा विचारले, आणि मग म्हणाली, "त्या बाईंना सांग, ती बटणं सोड्याच्या गरम पाण्यात घालू नका म्हणावं, चकाकी जाते. आणि इस्त्री बटणाच्या कडेकडेनं फिरवायची." दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गल्लीत गेले. मावशी यंत्रावर बसल्या होत्या, आणि पांढऱ्या शर्टाच्या पट्टीवर त्या सातांपैकी चार बटणे लागली होती. मी निरोप सांगितला. त्यांनी तो पाठीमागच्या भिंतीवर, मापांच्या चिठ्ठ्यांच्या शेजारी, पेन्सिलीने लिहून ठेवला.