काल काय जेवलात?

मंडळी, आपल्या नागपुरात एखाद्या बाईंना विचारा, 'काल काय जेवलात?' उत्तर येतं, 'काही विशेष नाही जी, वरण-भात, पोळी-भाजी.' त्या खोटं बोलत नसतात. पण त्या उत्तरात दुपारचा गोड चहा नसतो, लेकराच्या ताटात उरलेले घास नसतात, फोडणीचं तेल तर नसतंच. म्हणून २४ तासांच्या आठवणीची पद्धत, म्हणजे कालच्या दिवसभराचं खाणं आठवून सांगायला लावणं, वापरताना आम्ही आहार मोजणारी माणसं तोच दिवस दोन-तीनदा फिरून विचारतो. आधी मनाला येईल तसं सांगू द्यायचं, मग राहिलेलं, मग किती. 'एक वाटी' म्हणजे कोणाच्या घरची? त्यासाठी मापाच्या वाट्या समोर मांडाव्या लागतात.

या पद्धतीने वस्तीची सरासरी चांगली कळते. एका माणसाला मात्र एका दिवसावरून जोखू नका. हिवाळ्यात रोज दोन संत्री खाणारा माणूस मे महिन्यात एकही खात नाही. त्याचं क जीवनसत्त्व कोणत्या दिवसावरून ठरवाल?

वर्षभराची सवय हवी असेल तर 'अमुक पदार्थ किती वेळा खाता' अशी प्रश्नावली असते. ती यादीवर उभी असते, आणि बाहेरून आणलेल्या यादीत आपली जवसाची चटणी, वडाभात, पाटोडी नसतात. जवस सुटला की ओमेगा-३चा हिशेबच चुकला! आणि यादी चांगली असली तरी कोण जास्त खातो, कोण कमी, एवढंच तिच्यातून भरवशाने कळतं. नेमक्या ग्रॅमसाठी तिच्यावर विसंबू नये.

तोलून नोंद करणं सगळ्यांत काटेकोर. पण काटा ओट्यावर आला की घरचं जेवणच बदलतं, पाहुण्यांनाही टाळलं जातं. सावजी रश्श्याचं तर विचारूच नका. पातेल्यातलं तेल मोजून एकूण रश्श्याच्या वजनाने भागता येतं, पण वरची तर्री कोणाच्या वाटीत गेली?

माणसाच्या सांगण्यावर न विसंबणारी पद्धतही आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा जड अणू, म्हणून वेगळे ओळखू येणारे) असलेलं पाणी प्यायला देऊन पुढचे एक-दोन आठवडे लघवी तपासतात. हायड्रोजन पाण्यावाटे जातो. ऑक्सिजन पाण्यावाटे आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. त्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला ते कळतं, त्यावरून खर्च झालेली ऊर्जा कळते, आणि वजन स्थिर असेल तर खाल्लेलीही. याच कसोटीवर दिसलं की लोक खाल्लेलं कमी सांगतात, वजन जास्त असलेले तर आणखी कमी. पण हे पाणी फार महाग, आणि पोटात भाकरी गेली की जिलेबी, हे ते सांगत नाही.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती शेवटी जेवणाऱ्या बाईची. पुष्कळदा ती ताट घेतच नाही, मग ताटाचं माप तिला कसं लागू पडणार? म्हणून तिला मी विचारते, 'सगळ्यांचं झाल्यावर गंजात काय उरलं होतं, ताई?' तेव्हा ती जरा थांबते आणि खरं जेवण सांगते: पाऊण पोळी, भाजीचा रस्सा, डाळ संपली होती.