मशीन मेलं, की त्यातला एक पार्ट?

[दृश्य: टेबलावर पांढरं कापड. त्यावर बंद पडलेलं ड्रिल मशीन. दोन हात कवचाचे स्क्रू सोडवताहेत.]

बटण दाबलं, मशीन फिरलं नाही. बहुतेक वेळा निकाल तिथेच लागतो. कुणी म्हणतं, जुनं झालं होतं, नवीन घेऊ. कुणी म्हणतं, चांगल्या कंपनीचं आहे, दुरुस्त करूच. दोघांनीही मशीन अजून उघडलेलं नसतं.

पैशांचा हिशेब करायचा आहेच, पण तो शेवटी. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. आत नेमकं काय गेलं? आणि ते कशानं गेलं? पहिला प्रश्न मिस्त्री विचारतो. दुसरा फारसं कुणी विचारत नाही, आणि केलेली दुरुस्ती टिकणार की महिन्याभरात तोच पार्ट पुन्हा जाणार, हे त्या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

[दृश्य: कवचाचे दोन भाग वेगळे होतात. आतली वायर, स्विच, मोटर, गिअर एका ओळीत दिसतात.]

हातात धरून चालवायचं विजेचं ड्रिल १८९५ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये, फाइन यांच्या कारखान्यात तयार झालं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका ही आजची ओळखीची मांडणी ब्लॅक अँड डेकरच्या १९१७ सालच्या पेटंटमधली. पुढे वजन घटलं, धातूच्या जागी प्लॅस्टिक आलं, वेग कमीजास्त करायची सोय झाली. पण वायरवर चालणाऱ्या साध्या मशीनमधली विजेची वाट फारशी बदलली नाही. प्लगपासून स्विच, स्विचपासून फील्ड कॉइल, म्हणजे मोटरमधलं न फिरणारं तारेचं वेटोळं, तिथून कार्बन, कार्बनमधून आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग. पुढे आर्मेचरचा दांडा गिअर फिरवतो आणि गिअर पुढचा चक, म्हणजे बिट पकडणारा भाग, फिरवतो.

बिघाड शोधायचा तो याच वाटेनं, एकेक टप्पा तपासत. प्लग काढून ठेवूनच.

सुरुवात वायरपासून. वायर मुठीत शिरते त्या जागी ती हजारो वेळा वाकते आणि आतली तांब्याची तार तुटते. वरचं आवरण मात्र धडधाकट दिसतं. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे तार अखंड असली की आवाज देणाऱ्या खुणेवर ठेवून वायर वाकवून बघा. आवाज येत-जात असेल तर दोष सापडला. तेवढा तुकडा कापून वायर पुन्हा जोडली की काम झालं. अशा मशीनच्या जागी नवीन घेणं म्हणजे वायरच्या वीतभर तुकड्यासाठी अख्खी चांगली मोटर टाकून देणं.

[दृश्य: बाजूची टोपी उघडते. स्प्रिंगसकट छोटा काळा कार्बन बाहेर येतो. शेजारी नवा कार्बन ठेवला आहे, जवळपास तिप्पट लांब.]

पुढे कार्बन. ग्राफाइटचे दोन चौकोनी तुकडे, मागे स्प्रिंग. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग असतो, तो कम्युटेटर. त्याच्या फिरत्या तांब्यावर ते सतत घासत असतात. त्यांना मुद्दाम तांब्यापेक्षा मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे झिजायचं ते स्वस्त पार्टनं झिजावं आणि आर्मेचर वाचावं. कार्बन संपला म्हणजे मशीननं ठरलेलं काम केलं, एवढाच त्याचा अर्थ.

काही कार्बनच्या पोटात एक बारीक पिन असते. कार्बन ठरावीक लांबीपर्यंत झिजला की ती पिन पुढे येते, संपर्क तोडते आणि मशीन थांबतं. कालपर्यंत नीट चाललेलं मशीन आज अचानक, जळका वास न येता बंद पडलं असेल, तर पहिला संशय इथे घ्यावा. दुर्दैव असं, की नेमकं हेच मशीन पुष्कळ वेळा 'जळालं' म्हणून बाजूला टाकलं जातं.

कार्बन बदलताना जोडी बदला. एक जुना, एक नवा असं चालत नाही, दाब सारखा पडत नाही. नव्या कार्बनचा पृष्ठभाग सपाट असतो, कम्युटेटर गोल. दोघांची बैठक जमेपर्यंत काही मिनिटं मशीन नुसतं, बिनभाराचं चालू द्यावं.

[दृश्य: अंधारात चालणारा ग्राइंडर. जाळीतून आतल्या ठिणग्या दिसतात.]

आता ठिणग्यांबद्दल. कार्बनच्या कडेला बारीक निळसर ठिणग्या दिसणं अशा मोटरमध्ये साधी बाब आहे. पण ठिणग्यांचं पूर्ण कडं कम्युटेटरभोवती फिरताना दिसलं, तर बहुतेक वेळा आर्मेचरचं एखादं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, तुटलंय किंवा शॉर्ट झालंय. सोबत वॉर्निश जळाल्याचा उग्र वास असेल तर शंकेला फारशी जागा उरत नाही. मीटरनं खात्री करता येते. कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रोध सगळीकडे सारखा यायला हवा. पट्टी आणि दांडा यांच्यामध्ये मीटरनं काहीही दाखवता कामा नये. दाखवलं, तर इन्सुलेशन गेलंय.

आर्मेचर हा मशीनमधला सगळ्यात महाग पार्टांपैकी एक, आणि खरी द्विधा इथून सुरू होते. रिवाइंडिंग, म्हणजे नवी तार गुंडाळणं, करता येतं. पण छोटा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे फिरतो. त्या वेगात रिवाइंड केलेलं आर्मेचर नीट बॅलन्स झालेलं नसेल, तर मशीन हातात थरथरतं आणि काही दिवसांत दांड्याला आधार देणारं बेअरिंगही जातं. म्हणून लहान मशीनच्या बाबतीत मी रिवाइंडिंगपेक्षा तयार आर्मेचरच्या बाजूनं आहे. मोठ्या, जड, कमी वेगाच्या मशीनला चांगला वाइंडर मिळाला तर गोष्ट वेगळी.

आणि आर्मेचर बदलायचं तर फील्ड कॉइल तपासल्याशिवाय नाही. तिच्या दोन्ही भागांचा रोध सारखा यावा. एका भागाचा कमी आला तर तिथे शॉर्ट आहे, आणि नवं आर्मेचर त्याच्यासोबत पुन्हा जळणार. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही गेले असतील, तर माझ्या मते त्या मशीनचा प्रश्न बहुतेक सुटला. त्याची दुरुस्ती राहू द्यावी.

[दृश्य: हवेच्या खिडक्या जवळून. सिमेंटच्या पांढऱ्या धुळीनं बुजलेल्या.]

पण आर्मेचर जळालं कशानं?

या मोटरला थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर हळू फिरली की पंखाही हळू फिरतो. जास्त दाब देऊन मशीन रेटलं, की वेग पडतो, करंट वाढतो, आणि नेमकी तेव्हाच हवा कमी मिळते. हवेच्या खिडक्या धुळीनं बुजलेल्या असतील तर उरलीसुरली हवाही जाते. ग्राइंडरमध्ये तर लोखंडाची बारीक धूळ आत शिरते. ती वीजवाहक असते, वाइंडिंगवर बसते आणि इन्सुलेशन खाते.

अजून एक कारण आहे आणि ते मशीनच्या बाहेर असतं: लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर. तारेची लांबी दुप्पट झाली की रोध दुप्पट होतो. मशीनपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं, मोटर मंदावते, कामगाराला वाटतं मशीनमध्ये जोर उरला नाही, म्हणून तो आणखी दाबतो. अशा ठिकाणी नवं आर्मेचर टाका, नाहीतर नवं मशीन आणा, दोन्ही त्याच वायरवर त्याच तऱ्हेनं जळतील. म्हणूनच कारण विचारायचं.

[दृश्य: बेअरिंग बोटांवर फिरवून पाहिलं जातं. करकर ऐकू येते.]

बेअरिंगचा आवाज ओळखू येतो: करकर, मग शिट्टीसारखा, शेवटी खडखडाट. इथे एक चांगली बातमी आहे. बेअरिंगची मापं जगभर ठरलेली आहेत. ६०८ हा क्रमांक असेल तर आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. कोणत्याही कंपनीचं ६०८ त्या जागी बसतं. मशीनची कंपनी बंद पडली असली तरी बेअरिंग मिळतं.

फक्त ते बसतं ती खोबण बघा. जाम झालेलं बेअरिंग प्लॅस्टिकच्या घरात अख्खं फिरत राहिलं असेल तर घर मोठं झालेलं असतं. त्यात नवं बेअरिंग सैल बसणार. मग कवच बदलावं लागतं, आणि छोट्या कामाचं बिल एकदम मोठं होतं.

गिअरचंही तसंच. ग्राइंडरमध्ये दांड्यावरचा छोटा गिअर सहसा वेगळा काढता येतो. पुष्कळ ड्रिलमध्ये मात्र ते दाते आर्मेचरच्या दांड्यावरच कापलेले असतात. दाते गेले म्हणजे आर्मेचर गेलं, वाइंडिंग कितीही ठणठणीत असो.

[दृश्य: बिनवायरचं ड्रिल. बॅटरी सुटून टेबलावर येते.]

बिनवायरच्या मशीनमध्ये प्रश्न बदलतो. इथे बंद पडते ती बहुधा बॅटरी, मशीन तसंच चांगलं असतं. तरी दोघांचं वय एकच धरलं जातं, आणि या चुकीपायी किती मशीनं फुकट जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१८ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत साधारणपणे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचं व्होल्टेज ३.६. पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ पर्यंत जातं, म्हणजे पाचांचं मिळून २१. त्यामुळे एका डब्यावर '१८ व्होल्ट' आणि दुसऱ्यावर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं दिसलं, तरी आत सेल तेवढेच असतात. पाचांपैकी एक मागे पडला की संरक्षक सर्किट सगळी बॅटरी बंद करू शकतं. चार चांगले असतात, बॅटरी मात्र बाद ठरते.

सेल बदलता येतो का? येतो. सेल एकमेकांशी जुळणारे हवेत, निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं जोडायच्या, सोल्डरिंगची उष्णता थेट सेलला द्यायची नाही. पट्टी घसरून शॉर्ट झाली तर आग लागू शकते. ज्याच्याकडे हे साधन आणि सराव आहे त्यानंच हे करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीच्या तारा लावून 'जागी' करायचा जो प्रकार चालतो, तो करूच नका. सेल फार खोल उतरला की आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

नवी बॅटरी घ्यायची की नवं मशीन, हे एका गोष्टीवर ठरवावं: त्याच बॅटरीवर चालणारी आणखी मशीनं तुमच्याकडे आहेत का? असतील तर बॅटरी घ्या. मशीन एकटंच असेल आणि त्या जातीची बॅटरी बनायची थांबली असेल, जशी जुन्या निकेल-कॅडमियमच्या पुष्कळ मशीनची अवस्था आहे, तर तिथे ओढाताण करून उपयोग नाही.

ब्रशलेस मोटरला कार्बन नसतो, म्हणून झीज कमी. पण तिला चालवणारं सर्किट राळेत बुडवून पक्कं केलेलं असतं, आणि कित्येकदा स्विचसकट एकच तुकडा असतो. ते गेलं की उघडून दुरुस्त करण्यासारखं काही राहत नाही, अख्खा तुकडा बदलायचा. वॉरंटी किती, हा प्रश्न म्हणूनच अशा मशीनला आधी विचारावा.

[दृश्य: मशीनच्या पट्टीवरचं चिन्ह. चौकोनात चौकोन.]

काही वेळा मात्र हिशेब करूच नये. चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेल्या मशीनला अर्थिंगची तार नसते. दुहेरी इन्सुलेशन हेच त्याचं संरक्षण असतं. त्याचं फुटलेलं कवच चिकटवून वापरलं, तर तुमच्या आणि विजेच्या मध्ये फक्त तो चिकटवलेला सांधा उरतो. कवच बदला, नाहीतर मशीन सोडा. स्विच सोडल्यावरही बंदच न होणारा ग्राइंडर, गार्ड हरवलेला ग्राइंडर, झाकण आपोआप मिटत नाही अशी गोल पात्याची करवत, यांना सुटे पार्ट मिळेपर्यंत हात लावू नये. काम अडलं तरी.

[दृश्य: उघडलेलं मशीन. शेजारी कागदावर पार्टांची यादी.]

आता पैसे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त झाला तर नवीन घ्या, असा एक ठोकताळा सांगतात. तो सोपा आहे, म्हणून चालतो. पण निम्मा कशाचा? बाजारातल्या सगळ्यात स्वस्त मशीनच्या किमतीचा, की तुमच्या मशीनच्या तोडीच्या मशीनच्या? आणि या खर्चानंतर मशीन किती चालणार? गिअर, बेअरिंग, फील्ड सगळं चांगलं असताना एकटा स्विच गेला असेल, तर निम्म्याच्या वर खर्च करूनही फायदा होऊ शकतो. सगळंच झिजलेलं असेल तर दहाव्या हिश्श्याचा खर्चही वाया.

रोज या मशीनवर पोट असणाऱ्याला आणखी एक हिशेब लागतो. पार्ट येईपर्यंत बुडालेले दिवस. त्यानं नवीन घ्यावं आणि जुनं सावकाश दुरुस्त करून जोडीला ठेवावं. वर्षातून दोनदा भिंतीला भोक पाडणाऱ्याला घाई नसते. त्यानं दोन आठवडे थांबून कार्बन मागवावा.

[दृश्य: सुटे पार्ट छोट्या पिशव्यांत भरले जाताहेत.]

नवीन घ्यायचं ठरलंच, तरी जुनं अख्खं फेकू नका. आर्मेचर जळालेल्या मशीनचा स्विच, वायर, गिअर, चक, कार्बनच्या टोप्या चांगल्या असतात, आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मशीनला ते पार्ट उपयोगी पडतात. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घरच्या कचऱ्यात नको. काढलेल्या पार्टांच्या प्रत्येक पिशवीवर मॉडेल नंबर लिहा. तो कवचावरच्या पट्टीवर असतो, आणि कवच गेलं की तो स्विच कुठल्या मशीनचा होता हे कुणालाच सांगता येत नाही.