पोस्टमन, मास्तर, हिशेबनीस: अमेरिकी कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षक

[दृश्य: सेंट लुईस शहराचं जुनं कृष्णधवल चित्रण. विटांची घरं, चर्चलगतची मैदानं, चेंडूमागे धावणारी मुलं.]

मिसिसिपीच्या काठावरचं सेंट लुईस. 1967 साली इथल्या विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघाची सूत्रं हॅरी किओ यांच्याकडे दिली. किओ तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते आणि टपालखात्यात नोकरीला होते. नोकरी त्यांनी सोडली नाही. पोस्टाचं काम सांभाळून त्यांनी 1982 पर्यंत हा संघ घडवला आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

अमेरिकेत फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घालून खेळायचा खेळ डोळ्यांसमोर येतो. आपल्या फुटबॉलला तिथे सॉकर म्हणतात. या निवेदनात मात्र फुटबॉल म्हणजे आपलाच.

किओ यांच्याकडे प्रशिक्षणाची मोठी पदवी नव्हती. त्यांच्याकडे होता 29 जून 1950 चा दिवस. ब्राझीलमधलं बेलो होरिझोंते, विश्वचषकाचा सामना, समोर इंग्लंड. अमेरिकेने तो सामना 1-0 असा जिंकला. त्या अकरा जणांत पाच जण सेंट लुईसचे होते आणि उजव्या बाजूचा बचाव सांभाळत होते किओ. एवढा पराक्रम करून परतल्यावरही पोटापाण्याला फुटबॉल पुरत नव्हता.

सेंट लुईसचा पाया त्यांच्याआधी बॉब गुएल्कर यांनी घातला होता. शहरातल्या कॅथलिक युवक मंडळाचं काम ते बघत. चर्चच्या मैदानांवर शेकडो मुलं खेळायची आणि कोणाचा डावा पाय चांगला, कोण पळायला चिवट, हे गुएल्करना ठाऊक असायचं. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, 1959 साली पहिली फुटबॉल स्पर्धा भरवली. गुएल्करच्या मुलांनी ती जिंकली आणि पहिल्या सात वर्षांत पाचदा जिंकली. दूरदेशीचे खेळाडू आणायची गरजच पडली नाही, सगळं गावातच होतं.

[दृश्य: वॉशिंग्टन शहर. हॉवर्ड विद्यापीठाचं प्रवेशद्वार.]

मग समोर हॉवर्ड आलं.

हॉवर्ड हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं ऐतिहासिक विद्यापीठ. तिथले प्रशिक्षक लिंकन फिलिप्स मूळचे त्रिनिदादचे. आपल्या देशाच्या संघाचे गोलरक्षक म्हणून ते गाजले आणि व्यावसायिक फुटबॉल खेळायला अमेरिकेत आले. त्यांनी संघ बांधला तो कॅरिबियन बेटं आणि आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांचा. 1971 च्या अंतिम सामन्यात या संघाने किओंच्या सेंट लुईसला 3-2 असं हरवलं. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत कुठल्याही खेळाचं विजेतेपद मिळवण्याची ही पहिली वेळ.

ते विजेतेपद नंतर काढून घेण्यात आलं. काही खेळाडू पात्रतेच्या नियमांत बसत नाहीत, असं एनसीएएचं म्हणणं होतं. परदेशी विद्यार्थ्यांनी मायदेशी खेळलेली वर्षं मोजून त्यांची खेळायची मुदत कमी करणारा एक नियम तेव्हा होता. हॉवर्ड कोर्टात गेलं. परदेशी विद्यार्थ्यांवरचा तो नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, पण विजेतेपद परत मिळालं नाही. हा अन्याय होता, असं मला ठामपणे वाटतं.

फिलिप्सनी उत्तर मैदानावर दिलं. 1974 साली हॉवर्ड एकही सामना न गमावता अंतिम फेरीत पोहोचलं. प्रतिस्पर्धी पुन्हा सेंट लुईस, मैदानही सेंट लुईसचंच. निकाल लागायला जादा वेळेचे चार डाव लागले. हॉवर्ड 2, सेंट लुईस 1. हे विजेतेपद आजही हॉवर्डच्या नावावर आहे.

[दृश्य: इंडियाना राज्यातलं ब्लूमिंग्टन. शरद ऋतूतली लाल-पिवळी झाडं, मोकळं मैदान.]

या सगळ्या मंडळींत ज्याच्यापाशी जास्त वेळ थांबावं असा माणूस इंडियाना विद्यापीठात होता.

जेरी येगली पेनसिल्व्हेनियाचे. वेस्ट चेस्टर कॉलेजकडून खेळताना 1961 चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी अनुभवलं होतं. 1963 साली ते इंडियानात आले. हे राज्य बास्केटबॉलवेडं. तिथे फुटबॉलचा विद्यापीठाचा अधिकृत संघच नव्हता, होता फक्त विद्यार्थ्यांचा क्लब. अधिकृत दर्जा नाही म्हणजे शिष्यवृत्त्या नाहीत, प्रवासाला नीट पैसा नाही, राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश नाही. मैदानावर चुन्याच्या रेघा मारण्यापासून गाडी हाकण्यापर्यंतची कामं प्रशिक्षकाच्याच अंगावर.

असं दहा वर्षं चाललं. विशीतला माणूस दहा वर्षं अशा संघापाशी राहतो ज्याचे सामने राष्ट्रीय हिशेबात धरलेच जात नाहीत. विद्यापीठाकडे मागणी करायची, नकार घ्यायचा, पुढच्या वर्षी पुन्हा मागायचं. शेवटी 1973 साली अधिकृत दर्जा मिळाला आणि अवघ्या तीन वर्षांनी, 1976 साली, इंडियाना राष्ट्रीय अंतिम सामन्यात उभं होतं. दहा वर्षांत त्यांनी काय मुरवलं होतं ते तिथे दिसलं.

तो सामना ते हरले. 1978 चाही हरले, 1980 चाही. तिन्ही वेळा समोर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ आणि त्यांचे प्रशिक्षक स्टीव्ह नेगोएस्को. जन्म न्यू जर्सीचा, बालपण रुमानियात, महायुद्धाच्या काळात युरोपातच अडकलेले. अमेरिकेत परतून ते सॅन फ्रान्सिस्कोत शाळामास्तर झाले आणि त्याच शहराच्या विद्यापीठाचा संघ त्यांनी 1962 पासून 2000 पर्यंत सांभाळला. त्यांच्या संघात नायजेरियापासून नॉर्वेपर्यंतची मुलं असत. 1978 चं त्यांचंही विजेतेपद पुढे अपात्र खेळाडूमुळे रद्द झालं, पण ते इंडियानाला दिलं गेलं नाही.

येगलींना पहिलं विजेतेपद 1982 साली मिळालं. ड्यूकविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेच्या आठ डावांपर्यंत लांबला. ग्रेग थॉम्पसनच्या दोन गोलांवर इंडियाना 2-1 असं जिंकलं. मग 1983, 1988, 1998, 1999. निवृत्ती आधीच जाहीर करून त्यांनी 2003 चा हंगाम सुरू केला. सुरुवात अडखळत झाली, तरी डिसेंबरात सेंट जॉन्सला 2-1 असं हरवून त्यांनी सहाव्या विजेतेपदासह निरोप घेतला. अधिकृत 31 हंगामांत 544 विजय. क्लबच्या दहा वर्षांतले यात धरलेले नाहीत.

मुलगा टॉड वडिलांच्याच संघात खेळला, 2010 साली इंडियानाचा प्रशिक्षक झाला आणि 2012 साली त्यानेही विजेतेपद आणलं.

[दृश्य: व्हर्जिनिया विद्यापीठ. त्यानंतर लॉस एंजलिस.]

1984 चा हंगाम संपला आणि अमेरिकेतली मोठी व्यावसायिक लीग बंद पडली. नवी लीग उभी राहिली 1996 मध्ये. मधल्या वर्षांत देशातले चांगले खेळाडू घडत होते ते बहुतांश कॉलेजांतच.

ब्रूस अरेना ब्रुकलिनमध्ये जन्मले. कॉर्नेल विद्यापीठात ते फुटबॉलमध्ये गोलरक्षक आणि लक्रोस या जाळीच्या काठीने खेळायच्या खेळातले नामवंत. 1978 साली व्हर्जिनियाने त्यांना घेतलं ते फुटबॉलचे मुख्य आणि लक्रोसचे सहायक प्रशिक्षक म्हणून. एका माणसावर दोन खेळ! त्याच अरेनांनी 1991 ते 1994 अशी सलग चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. चौथ्या वेळी हरवलं ते येगलींच्या इंडियानाला, आणि त्या संघात टॉड होता. नवी लीग सुरू झाल्यावर पहिली दोन्ही विजेतेपदं अरेनांच्या डीसी युनायटेडची. 2002 च्या विश्वचषकात अमेरिकेला उपांत्यपूर्व फेरीत नेणारे प्रशिक्षकही तेच.

लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे सिगी श्मिड जर्मनीत जन्मलेले, लहानपणीच कॅलिफोर्नियात आलेले. व्यवसायाने हिशेबनीस. 1980 साली त्यांनी आपल्याच विद्यापीठाचा संघ हाती घेतला. त्यांच्या 1985 च्या विजेत्या संघातला पॉल कॅलिजिउरी चार वर्षांनी त्रिनिदादमध्ये खेळला. त्याच्या एका गोलने अमेरिका 40 वर्षांनंतर विश्वचषकाला पात्र ठरली. फिलिप्सच्या त्रिनिदादचं स्वप्न मात्र त्या दिवशी भंगलं.

बॉब ब्रॅडली 22 व्या वर्षी, स्वतः पदव्युत्तर शिक्षण घेत असतानाच, ओहायो विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुढे व्हर्जिनियात अरेनांचे सहायक, मग प्रिन्स्टन, मग व्यावसायिक लीग, अमेरिका आणि इजिप्तचे राष्ट्रीय संघ. 2016 साली स्वानसी सिटीचं प्रशिक्षकपद मिळालं, तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले ते पहिले अमेरिकी प्रशिक्षक ठरले.

या कहाणीत आपल्या मुंबईचंही एक नाव आहे. अ‍ॅन्सन डोरान्स यांचा जन्म 1951 सालचा, मुंबईतला. वडील तेल कंपनीत, त्यामुळे बालपण देशोदेशी गेलं. नॉर्थ कॅरोलिनात कायद्याचं शिक्षण चालू असताना, 1977 साली, त्यांच्याकडे पुरुषांचा संघ आला, दोन वर्षांनी महिलांचाही. वकिली बाजूला राहिली. 1987 साली त्यांचा पुरुष संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीत पोहोचला. पण जगाने त्यांना ओळखलं ते महिला संघासाठी: एनसीएएची 21 विजेतेपदं, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाला जिंकून दिलेला 1991 चा पहिला महिला विश्वचषक.

[दृश्य: आजचं कॉलेज मैदान. सहायक प्रशिक्षक शंकू मांडतोय.]

आता पोस्टातून थेट मुख्य प्रशिक्षक होता येत नाही. कॉलेजकडून खेळायचं, जमलं तर काही वर्षं व्यावसायिक फुटबॉल, मग परवान्यांच्या पायऱ्या आणि सहायक म्हणून वर्षानुवर्षं गावोगाव बदल्या. 2023 पर्यंत नियमांत ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ असं अधिकृत पद होतं. विद्यापीठाकडून पगार नाही, कमाई उन्हाळी शिबिरांतून होईल तेवढी. ते पद गेलं, हे बरंच झालं.

मुख्य प्रशिक्षकाचा निम्मा जीव खेळाडू मिळवण्यात जातो. पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघाला अनेक वर्षं 9.9 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. जवळपास तीस मुलांत त्या वाटायच्या: कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला फक्त जर्सी. हे गणित घेऊन एखाद्या आईवडिलांसमोर बसायचं आणि मुलगा आमच्याकडे द्या म्हणायचं, यासाठी डावपेचांइतकंच माणसांचं ज्ञान लागतं.

व्यावसायिक लीगची वाट आता मोकळी आहे. येगलींकडे खेळलेला केलेब पोर्टर अ‍ॅक्रनला 2010 चं विजेतेपद देऊन लीगमध्ये गेला आणि तिथेही दोनदा जिंकला. उलटाही प्रवास होतो. वेक फॉरेस्टला 2007 साली जिंकवणारे जे व्हिडोविच व्यावसायिक क्लबकडे गेले आणि वर्षभरात कॉलेजकडे परतले. पिट्सबर्गचा संघ त्यांनी तळातून उचलून राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत नेला.

आणि मेरीलँडचे साशो सिरोव्स्की 1993 पासून एकाच जागी आहेत. मॅसेडोनियात जन्म, कॅनडात वाढलेले, तीन राष्ट्रीय विजेतेपदं. ऑगस्टअखेर ते डिसेंबर एवढ्या काळात सगळा हंगाम कोंबला जातो. आठवड्याला दोन सामने, मधे सरावाला दिवस नाहीत आणि परीक्षा डोक्यावर. हंगाम दोन्ही सत्रांत विभागून वर्षभराचा करावा, यासाठी सिरोव्स्की अनेक वर्षं झगडत आले आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे: मुलांना सामन्यांच्या मधे शिकवायला वेळ द्या.